माल भरलेली पिकअप चढावर दम सोडते आणि पी००८७ कोड येतो: दोष हाय प्रेशर पंपाचा की डिझेल पुरवठ्याचा?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे कॉमन रेल डिझेल इंजिन असलेली पिकअप गाडी आहे आणि ती आजवर सुमारे १,८०,००० किलोमीटर चालली आहे. तिच्या टाकीत विजेवर चालणारा पंप नाही. हाय प्रेशर पंपाला जोडूनच असलेला छोटा गिअर पंप टाकीतून डिझेल ओढतो आणि फिल्टरच्या डोक्यावर हवा काढण्यासाठी हाताने दाबायचा पंप आहे.

गेल्या दोन-अडीच महिन्यांपासून होणारा त्रास असा. गाडी रिकामी असताना किंवा सपाट रस्त्यावर काहीच जाणवत नाही. मात्र माल भरून चढ चढताना, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये, इंजिनचे फेरे २,५०० च्या वर आणि पेडल पूर्ण दाबलेले असताना गाडी आठ-दहा सेकंद व्यवस्थित ओढते आणि मग एकाएकी दम सोडते. चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी लिंप मोडमध्ये (संगणकाने ताकद मर्यादित केलेल्या स्थितीत) जाते आणि पेडल कितीही दाबले तरी फेरे वाढत नाहीत. किल्ली बंद करून पुन्हा सुरू केली की पुढच्या चढापर्यंत सर्व काही पूर्ववत असते. स्कॅनरवर दर वेळी पी००८७ हा एकच कोड मिळतो, म्हणजे रेलमधील, अर्थात सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतील, दाब अपेक्षेपेक्षा कमी. याशिवाय सकाळी पहिल्यांदा सुरू करताना पाच-सहा सेकंद सेल्फ फिरवावा लागतो. पूर्वी एक-दीड सेकंदात इंजिन सुरू होत असे.

आतापर्यंत डिझेल फिल्टर दोनदा बदलला, एकदा वर्कशॉपमध्ये आणि एकदा मी स्वतः. रेलवरचा प्रेशर सेन्सरही बदलून पाहिला. काहीच फरक पडला नाही. आता वर्कशॉपमध्ये केवळ कोड पाहून मला सांगण्यात आले आहे की हाय प्रेशर पंप गेला असून त्यासोबत चारही इंजेक्टर बदलावेत. पंप खरोखर निकामी असेल तर तो बदलण्याची माझी तयारी आहे. परंतु तो निकामी आहे हे कोणत्या मोजमापावरून ठरले, या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले नाही. माझ्याकडे लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर आणि मल्टिमीटर आहे, गेज मिळवता येईल. कोणती तपासणी कोणत्या क्रमाने करावी आणि कोणत्या आकड्याचा अर्थ काय घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

डिझेल इंजिनांची दुरुस्ती हाच माझा व्यवसाय असल्यामुळे आपला प्रश्न मला फार ओळखीचा वाटला. पी००८७ हा कोड फक्त एवढेच सांगतो की इंजिनच्या संगणकाने जितका दाब मागितला तितका रेलमध्ये झाला नाही. तो कोणामुळे झाला नाही हे या कोडमध्ये कोठेही लिहिलेले नसते. दाब कमी पडण्याची कारणे ढोबळ मानाने चार ठिकाणी असतात: पंपापर्यंत पुरेसे डिझेल पोहोचत नाही, पोहोचलेले डिझेल पंप दाबू शकत नाही, दाबलेले डिझेल इंजेक्टरमधून किंवा रेलच्या व्हॉल्व्हमधून रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, निघून जाते, किंवा दाब ठीक असूनही सेन्सर चुकीचा आकडा सांगतो. यांपैकी पंप हा सर्वांत महाग भाग आहे, म्हणून तो सर्वांत शेवटी दोषी ठरवावा.

सुरुवात सेन्सरपासून करा, कारण त्यासाठी काहीही उघडावे लागत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची किल्ली फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि स्कॅनरवर रेलचा दाब पाहा. रेलमध्ये त्या वेळी दाब नसतो, म्हणून आकडा शून्याच्या जवळ असायला हवा. बहुतेक सेन्सरांच्या सिग्नलच्या तारेवर या स्थितीत सुमारे ०.५ व्होल्ट मिळतात. तेथेच ४०-५० बार दिसत असतील, तर सेन्सर किंवा त्याचे वायरिंग खोटे बोलत आहे आणि पुढचे सगळे आकडे संशयास्पद ठरतात. आपण सेन्सर बदलला आहे हे वाचले. पण सेन्सर बदलल्याने वायरिंग बदलत नाही, म्हणून ही एका मिनिटाची तपासणी तरीही करा.

त्यानंतर गाडीत नेहमीइतका माल भरून, शेजारी दुसऱ्या व्यक्तीला स्कॅनर घेऊन बसवून तोच चढ चढा आणि चार आकडे एकत्र नोंदवा: मागितलेला रेल दाब, प्रत्यक्ष रेल दाब, पंपावरील मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल शिरू द्यायचे ते ठरवणारा) किती उघडण्याचा आदेश आहे तो आकडा, आणि इंजिनचे फेरे. निष्क्रिय चालीवर, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू असताना, अशा इंजिनांचा रेल दाब साधारण २५० ते ३५० बार असतो आणि पूर्ण भारावर तो १,४०० ते १,८०० बारपर्यंत जातो. आपल्या इंजिनाचा नेमका आकडा त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. मागणी १,४०० ची आणि प्रत्यक्षात ९०० बार असताना व्हॉल्व्हला पूर्ण उघडण्याचा आदेश असेल, तर संगणकाने आपल्या हातातील सर्व काही करून पाहिले आहे आणि कमतरता पुरवठ्यात, पंपात किंवा गळतीत आहे. याउलट दाब मागणीच्या वरखाली सतत झोके घेत असेल आणि व्हॉल्व्हचा आदेश मधल्या पातळीवर त्याच्यामागे धावत असेल, तर मीटरिंग व्हॉल्व्ह अडकत असल्याची शक्यता अधिक.

आपल्या वर्णनातील आठ-दहा सेकंदांचा उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. पंप झिजलेला असेल किंवा इंजेक्टर आतून गळत असतील, तर उणीव मागणी वाढताक्षणीच दिसू लागते. ती आठ-दहा सेकंद थांबून राहत नाही. आधी दाब टिकतो आणि मग ढासळतो, तेव्हा मी प्रथम टाकी ते पंप या मार्गाकडे पाहतो. आपल्या गाडीत हा मार्ग ओढीवर चालतो, म्हणून तेथे दाबाचे नव्हे तर निर्वाताचे, म्हणजे ओढ मोजणारे, गेज लागेल. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये टी-जोड बसवून ते लावा, त्याच्या शेजारीच वीतभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी घाला आणि पुन्हा तोच चढ चढा. निरोगी गाड्यांत मी पूर्ण भारावरही ही ओढ साधारणपणे ०.२ ते ०.३ बारच्या आत पाहिली आहे. ओढ फार वाढली तर गेजच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला कोठेतरी अडथळा आहे. ओढ वाढत नाही आणि नळीत मात्र बुडबुडे येतात, तर कोठून तरी हवा आत शिरत आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिझेलमध्ये नेहमीच थोडी हवा विरघळलेली असते आणि ओढ फार वाढली की ती बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे बुडबुडे दिसले की लगेच सांधा सैल आहे असे समजून क्लिपा आवळत बसू नये. आधी गेज काय म्हणते ते पाहावे.

दुसरे उत्तर

वरील विवेचन पटण्यासारखे आहे, तरी इंजेक्टरांना इतक्या लवकर निर्दोष ठरवू नये असे मला वाटते. १,८०,००० किलोमीटर हा इंजेक्टरांसाठी लहान प्रवास नाही, आणि सकाळी लांबलेला सेल्फ हे आतून गळणाऱ्या इंजेक्टरचे नेहमीचे लक्षण आहे. सेल्फ फिरत असताना रेलमध्ये साधारण १०० ते २०० बार दाब तयार होईपर्यंत बहुतेक प्रणाली इंजेक्टर उघडतच नाहीत. पंपाने दिलेले डिझेल तितक्यात रिटर्नला पळून जात असेल, तर इंजिन सुरू व्हायला वेळ लागणारच.

ही तपासणी घरी करता येते. चारही इंजेक्टरांच्या रिटर्नच्या बारीक नळ्या काढून त्यांच्या जागी एकाच मापाच्या चार पारदर्शक नळ्या लावा, त्या चार सारख्या बाटल्यांत सोडा आणि गाडीकडे परत जाणाऱ्या रिटर्नचे तोंड तात्पुरते बंद करा. इंजिन चांगले गरम झाल्यावर निष्क्रिय चालीवर दोन मिनिटे चालवून प्रत्येक बाटलीतील डिझेल मोजा. गरम इंजिनावर मोजणे आवश्यक आहे, कारण गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या इंजेक्टरची गळती त्या वेळीच खरी दिसते. चारही बाटल्या जवळपास सारख्या भरल्या तर चिंता नाही. एखादी इतरांच्या दुपटीने किंवा तिपटीने भरली, तर दोषी कोण ते तेथेच समजेल.

तिसरे उत्तर

तपासणीला हात घालण्यापूर्वी सुरक्षेविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण जुन्या इंजिनांवर काम केलेल्या पुष्कळ जणांना एक सवय असते: इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करायचा आणि कोणता सिलिंडर काम करत नाही ते ओळखायचे. कॉमन रेल इंजिनावर हे कधीही करू नये. निष्क्रिय चालीवरच्या ३०० बार दाबानेही डिझेलची बारीक धार हातमोज्यातून आणि कातडीतून आरपार आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत गेलेले डिझेल ऊतींचा नाश करत जाते. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालयात जाऊन शस्त्रक्रियेची तयारी ठेवावी लागते, अन्यथा बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. गळती शोधायची असल्यास हात न फिरवता पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवावा. हाय प्रेशर पाइप सोडवायचा असेल तर इंजिन बंद केल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावे आणि स्कॅनरवर दाब शून्यावर आल्याची खात्री करूनच पाना लावावा. कित्येक इंजिनांत हे पाइप एकदा सोडवले की नवेच बसवावे लागतात, हेही आधी तपासावे.

दुसरी गोष्ट धातूच्या कणांची. पंप खरोखर आतून झिजत असेल, तर तो पुरावा मागे सोडतो. पंपावरील मीटरिंग व्हॉल्व्ह काढून त्याची जाळी आणि तो बसतो ती पोकळी प्रखर उजेडात पाहा. फिल्टरच्या तळातील डिझेल पांढऱ्या भांड्यात ओतून, ढवळून, स्थिर होऊ द्या आणि भांड्याखालून चुंबक फिरवा. पंपातून निघालेला कीस रिटर्नने टाकीत जातो आणि टाकीतून फिल्टरमध्ये परततो, म्हणून तेथेही त्याची चमक दिसू शकते. असा कीस मिळाला तर वर्कशॉपचे म्हणणे खरे मानावे लागेल, आणि मग नुसता पंप बदलून भागणार नाही. रेल, इंजेक्टर, पाइप आणि टाकी या सर्वांपर्यंत तो पोहोचलेला असतो आणि यांपैकी काही तसेच ठेवले तर नवा पंपही त्याच मार्गाने जातो. कीस मिळाला नाही, तर पंपावर अंतिम निकाल देण्याची घाई करू नये. व्हॉल्व्ह काढण्यापूर्वी आजूबाजूची धूळ पूर्ण साफ करावी आणि उघडी तोंडे लगेच स्वच्छ टोपणांनी बंद करावीत, कारण या यंत्रणेत डोळ्यांना न दिसणारा कणही पुरेसे नुकसान करतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. गेले दोन आठवडे मी सांगितल्याप्रमाणे एकेक तपासणी केली. निष्कर्ष न काढता फक्त आकडे देत आहे.

रात्रभर उभ्या गाडीत किल्ली ऑन केल्यावर रेल दाब १ बार आणि सिग्नलच्या तारेवर ०.५१ व्होल्ट मिळाले. निष्क्रिय चालीवर मागणी ३०० बार, प्रत्यक्ष २९५ ते ३०८ बार. चढावर ३,००० फेऱ्यांना मागणी १,४०० बार असताना प्रत्यक्ष दाब पहिली सात-आठ सेकंद १,३८० ते १,४०० च्या दरम्यान राहिला. त्या काळात मीटरिंग व्हॉल्व्हचा आदेश हळूहळू वाढत पूर्ण उघडण्यापर्यंत गेला आणि तो तेथे पोहोचल्यावरच दाब १,१०० आणि मग ९०० बारवर घसरला. लगेच दिवा लागला.

फिल्टर आणि पंप यांच्यामधील निर्वाताचे गेज निष्क्रिय चालीवर ०.०५ बार दाखवते. चढावर ते ०.२ वरून चढत चढत ०.५५ बारपर्यंत गेले आणि शेवटी पारदर्शक नळीत बारीक बुडबुड्यांचा फेस दिसला. टाकीत हवा येण्याची वाट बुजली आहे का ते पाहण्यासाठी टाकीचे झाकण सैल ठेवून पुन्हा चढ चढलो, त्याने काहीही फरक पडला नाही.

इंजेक्टरांच्या रिटर्नमध्ये दोन मिनिटांत अनुक्रमे २२, २४, ३८ आणि २३ मिलिलिटर डिझेल आले. मीटरिंग व्हॉल्व्हची जाळी स्वच्छ होती, फिल्टरच्या तळातील डिझेलमध्ये चुंबकाला काहीच लागले नाही.

तिसऱ्या इंजेक्टरचा ३८ हा आकडा पाहून मी काळजीत पडलो आहे. दोष त्याचाच समजावा का?

पहिल्या उत्तरदात्याचे पुढील उत्तर

इतक्या शिस्तीने घेतलेले आकडे फार क्वचित वाचायला मिळतात, आणि त्यांच्यामुळे आपले पुढचे काम खूप सोपे झाले आहे.

तिसऱ्या इंजेक्टरची नोंद ठेवा. तो इतरांपेक्षा अधिक परत पाठवतो हे खरे आहे, आपल्या मॅन्युअलमधील मर्यादेशी तो आकडा ताडून पाहा आणि काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. परंतु आजच्या त्रासाचे कारण तो नाही. तो असता तर १,४०० बार दाब सात-आठ सेकंद टिकलाच नसता. दाब टिकत असताना व्हॉल्व्ह मात्र हळूहळू उघडत गेला, याचा अर्थ पंपाच्या तोंडाशी येणारे डिझेल कमी कमी होत होते आणि संगणक दार अधिक उघडून ती उणीव भरून काढत होता. दार पूर्ण उघडल्यावर त्याच्याकडे काही उरले नाही. गेजने तेच वेगळ्या शब्दांत सांगितले आहे. ०.५५ बार ही ओढ फार जास्त आहे, आणि शेवटचा फेस हा बहुधा विरघळलेल्या हवेचाच असावा. ओढीच्या मार्गात डिझेलला पुढे ढकलणारे बळ फक्त वातावरणाचे असते, म्हणजे जेमतेम एक बार, आणि त्यातील निम्म्याहून अधिक आपल्याकडे वाटेतच खर्च होत आहे. जो पंप इतकी ओढ निर्माण करतो आणि तशा उपासमारीतही ९०० बार देतो, त्याला निकामी म्हणणे अन्यायाचे होईल.

आता अडथळा नेमका कोठे आहे ते पाहायचे आहे. गेज उचलून टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये, फिल्टरच्या तोंडाशी लावा. तेथे चढावर ओढ अगदी कमी मिळाली तर अडथळा फिल्टरमध्ये आहे. तेथेही अर्ध्या बारच्या आसपास मिळाली तर फिल्टर सुटला आणि शोध टाकीकडे सरकला.

त्यानंतर टाकीच वगळून पाहा. डिझेलसाठी योग्य अशा धातूच्या कॅनमध्ये दहा लिटर स्वच्छ डिझेल भरा, तो मागच्या हौद्यात घट्ट बांधा, केबिनमध्ये मुळीच ठेवू नका, आणि फिल्टरची येणारी नळी तसेच रिटर्नची नळी दोन्ही त्यातच सोडा. रिटर्नचे डिझेल गरम येते, म्हणून प्लॅस्टिकचा डबा वापरू नये आणि चाचणी थोडक्यात आटोपावी. कॅनमधील डिझेलची पातळी पंपापेक्षा उंच राहिली तर ते उताराने आपोआप पंपाकडे येईल आणि चाचणी गाडीच्या बाजूने झुकेल, म्हणून तो शक्य तितका खाली बांधा. तसे जमले नाही तर निदान गेजचा आकडा त्या हिशेबाने वाचा. कॅनवर गाडी पूर्ण चढ चढली, तर टाकीची जाळी, चासीवरून येणारा पाइप आणि त्यांच्यातील रबरी नळ्या एवढेच संशयित उरतात.

रबरी नळ्यांविषयी एक विशेष सूचना. त्या बाहेरून कितीही चांगल्या दिसल्या तरी त्यांचे आतले अस्तर सुटलेले असू शकते. सुटलेले अस्तर हळू प्रवाहात पडून राहते आणि ओढ वाढली की पडद्यासारखे पुढे येऊन वाट अडवते. नळीतून हवा फुंकून पाहायची असेल तर ती टाकीकडून पंपाकडे, म्हणजे डिझेल वाहते त्या दिशेने फुंका. उलट दिशेने फुंकल्यास तोच पडदा नळीच्या भिंतीला चिकटून निजतो आणि नळी मोकळी असल्याचा भास होतो.

चौथे उत्तर

मी जाणकार नाही, केवळ अशाच गाडीचा मालक आहे, परंतु एक प्रश्न विचारावासा वाटतो. सकाळी लांबणारा सेल्फ आणि चढावरचा त्रास ही दोन्ही लक्षणे एकाच दिवशी सुरू झाली का? माझ्या गाडीत अशी दोन लक्षणे होती आणि मी त्यांना एकाच कारणाची समजून बराच काळ चुकीच्या जागी शोधत राहिलो. सेल्फ लांबतो तेव्हा स्कॅनरवर रेलचा दाब कसा चढतो ते पाहावे. दाब सुरुवातीपासून चढत असेल पण रेंगाळत चढत असेल, तर डिझेल कोठेतरी निसटत आहे. तो बराच वेळ जागचा हलतच नसेल आणि मग एकदम उसळत असेल, तर रात्रीतून नळीतील डिझेल मागे टाकीत उतरले आहे आणि पंप आधी हवा गिळत आहे. ओढीच्या बाजूला हवा आत घेणारी फट डिझेल बाहेर ठिबकवेलच असे नाही, त्यामुळे खाली ओले डाग शोधून ती सापडत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांना कळवण्यास अतिशय समाधान वाटते की अडथळा सापडला.

फिल्टरच्या तोंडाशी लावलेल्या गेजने चढावर ०.५ बार दाखवले, म्हणजे फिल्टरने घेतलेली ओढ जेमतेम ०.०५ बार होती. कॅनवर गाडी चालवली तेव्हा तोच माल, तोच चढ आणि तोच गिअर असताना दाब शेवटपर्यंत १,३९० ते १,४१० बारवर स्थिर राहिला आणि मीटरिंग व्हॉल्व्ह अर्ध्यापेक्षा थोडाच अधिक उघडला. त्या दिवशी प्रथमच मला पंपाविषयी निश्चिंत वाटले.

मग टाकी उतरवली. जाळीवर काळपट चिकट थर होता, पण ती बुजलेली नव्हती. तरी ती साफ केली आणि टाकीही धुऊन कोरडी केली. चासीवरचा धातूचा पाइप दोन्ही बाजूंनी मोकळा होता. टाकीच्या वर, चासीच्या आडव्या दांड्यावरून वळणारी हातभर रबरी नळी मात्र सांगितल्याप्रमाणे निघाली. पंपाच्या बाजूने फुंकले तर वारा सहज जात होता, टाकीच्या बाजूने जोरात फुंकले तर तो अडत होता. ती उभी चिरल्यावर आतले अस्तर बोटभर लांबीत सुटून जिभेसारखे लोंबत असलेले दिसले. बाहेरून तिच्यावर एक भेगही नव्हती, आणि मी तिच्यावरून दोनदा हात फिरवून ती चांगली असल्याचे स्वतःला सांगितले होते. त्याच आतल्या व्यासाची, डिझेलसाठी बनवलेली नवी नळी बसवली. त्यानंतर चार वेळा माल भरून तो चढ चढलो आहे. गेज ०.१८ बारच्या पुढे गेले नाही आणि कोड परत आलेला नाही.

सेल्फचा प्रश्न मात्र नळी बदलूनही तसाच राहिला होता, आणि चौथ्या उत्तरातील प्रश्नामुळे मी माझी नोंदवही उघडून पाहिली. चढावरचा त्रास आधी सुरू झाला. सेल्फ लांबू लागला तो त्यानंतर तीन आठवड्यांनी, म्हणजे मी स्वतः फिल्टर बदलला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. हे माझ्या लक्षातच आले नव्हते. स्कॅनरवर सकाळी दाब चार सेकंद शून्याजवळ राहतो आणि पाचव्या सेकंदाला एकदम २०० बारच्या वर जातो. फिल्टर उतरवून पाहिला तेव्हा तळाशी असलेल्या पाण्याच्या सेन्सरची ओ-रिंग (सांधा बंद करणारे रबरी कडे) बसवताना एका बाजूला चिमटून कापली गेलेली दिसली. तेथून डिझेलचा एक थेंबही बाहेर येत नव्हता. नवी ओ-रिंग डिझेलने ओली करून बसवली, हातपंपाने तो घट्ट लागेपर्यंत हवा काढली आणि गेल्या पाच सकाळी गाडी पहिल्या दीड सेकंदात सुरू झाली आहे.

तिसऱ्या इंजेक्टरचा रिटर्न मॅन्युअलच्या मर्यादेत आहे. पुढच्या फिल्टर बदलाच्या वेळी तो पुन्हा मोजून आकडा येथेच लिहीन.

पहिल्या उत्तरदात्याचे पुढील उत्तर

फार आनंद झाला. फक्त एक विनंती: त्याच वयाच्या उरलेल्या रबरी नळ्याही, रिटर्नच्या नळीसह, बदलून घ्या. ज्या नळीचे अस्तर सुटले ती आणि बाकीच्या एकाच दिवशी बसवलेल्या आहेत. टाकी आता धुतली असल्यामुळे भिंतीवरचा सुटलेला गाळ पहिल्या काही टाक्यांत फिल्टरकडे येण्याची शक्यता असते, तेव्हा हा फिल्टर नेहमीच्या निम्म्या अंतरावर बदलावा आणि त्याच्या तळातील पाणी दर आठवड्याला सोडून पाहावे. टी-जोड काढण्यापूर्वी गेजचा आजचा आकडा नोंदवहीत लिहून ठेवा. पुढे कधी संशय आला तर तुलनेसाठी आपल्याच निरोगी गाडीचा आकडा आपल्याजवळ असेल.